दोघांची बैठक

(पुरुषोत्तमनगर येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



राजकीय पक्षाच्या जीवनात सभा, मोर्चा, परिषद आणि ठराव यांना जे स्थान मिळाले आहे ते योग्यच आहे. परंतु या चारही गोष्टींच्या मागे एक पाचवी गोष्ट असते आणि तिची नोंद कोणत्याही इतिवृत्तात होत नाही. नेत्याने एका कार्यकर्त्याबरोबर, तिसरे कोणी जवळ नसताना, घड्याळाकडे न पाहता बसून केलेले बोलणे, ही ती पाचवी गोष्ट होय. तालुक्याचा चिटणीस वर्षभर सभा घेत हिंडतो, गावोगावी त्याचा आवाज पोचतो. पण ज्या दहापंधरा माणसांच्या खांद्यावर त्या सभा उभ्या राहतात, त्यांच्यापैकी प्रत्येकाशी तो गेल्या वर्षभरात किती वेळा असा एकटा बसला, हे मोजायला सांगितले तर एका हाताची बोटेही पुष्कळ होतात.

याचा परिणाम सर्वांच्या परिचयाचा आहे. कार्यकर्ता भांडून जात नाही, तो गप्प होतो. आधी तो मागच्या रांगेत बसू लागतो, मग उशिरा येऊ लागतो, मग येईनासा होतो. चिटणीस हजेरीपटावर फुली मारतो आणि ‘तो निष्क्रिय झाला’ असा शेरा देऊन मोकळा होतो. निवडणुकीच्या तोंडावर तोच माणूस दुसऱ्या झेंड्याखाली दिसला की त्याला फितूर म्हटले जाते. मधल्या दोन वर्षांत त्याच्या घरात काय घडले, त्याच्या मनात काय साचले, हे विचारायला कोणी गेले होते काय, हा प्रश्न मात्र कार्यकारिणीत निघत नाही.

हा विषय पुरुषोत्तमनगरला मांडण्यात औचित्य आहे. पी. के. अण्णा पाटील यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याची ही वसाहत. एका बाजूला तापीकाठची काळी जमीन, ऊस, केळी आणि कापूस. दुसऱ्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याचे भिल्ल आणि पावरा पाडे. सहकार, शेतमजुरी आणि आदिवासींचा लढा ही महाराष्ट्राच्या राजकारणातील तीन मोठी प्रकरणे या एका शहादा तालुक्यात शेजारी शेजारी नांदली आणि एकमेकांशी झुंजलीही. माणसाशी एकेकट्याने बोलण्याचे बळ काय असते, हे या भूमीने दोन्ही अंगांनी पाहिले आहे.

पहिले अंग मालकाचे. खानदेशात सालदारकीचे वर्ष आखाजीला सुरू होते. आखाजीच्या सुमारास मालक आणि सालदार यांच्यात जो ठराव होई तो कधी सभेत होत नसे. ओट्यावर मालक बसलेला, अंगणात सालदार उभा आणि मागच्या वर्षीच्या उचलीचा आकडा दोघांच्या मध्ये. मालकाला त्या माणसाचे सारे ठाऊक असे. मुलीचे लग्न केव्हा आहे, बैल कोणाकडे गहाण आहे, पावसाळ्यात घरात दाणा किती उरतो, हे माहीत असल्यामुळेच तो आपल्याला हवा तो आकडा त्याच्या गळी उतरवू शके. आजचा मुकादमही हेच करतो. या जिल्ह्यातील आदिवासी मजूर पिढ्यान् पिढ्या ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत, बारडोली-सुरतेच्या कारखान्यांवर जात आले आहेत. नवराबायकोची जोडी तेथे ‘कोयता’ या एका शब्दाने मोजली जाते. पण तिला उचल देणारा मुकादम पावसाळ्यातल्या अडचणीच्या दिवसांत तिच्या झोपडीच्या दारात जातो आणि एकेका घराशी वेगळे बोलतो. जो माणसाला बांधून ठेवू पाहतो तो त्याला एकटा गाठतो. आणि जे त्याला सोडवू पाहतात ते मात्र गर्दीपुढे भाषण करून संध्याकाळच्या गाडीने परततात. या विषमतेचा विचार समाजवादी कार्यकर्त्याने करायला हवा.

दुसरे अंग चळवळीचे. 1971 सालच्या पाटीलवाडीच्या गोळीबारानंतर या तालुक्यात जो असंतोष उसळला, त्याला अंबरसिंग सुरतवंती यांच्या रूपाने एक घरचा नेता लाभलेला होता. ते स्वतः भिल्ल समाजातले, सर्वोदयाच्या विचाराशी जोडलेले. लोक त्यांना महाराज म्हणत. 1972 साली श्रमिक संघटना उभी राहिली. अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेले कुमार शिराळकर, विजय कान्हेरे यांच्यासारखे शहरातले तरुण येथे आले आणि गावांतून राहिले. सालदाराला सुट्टी हवी, किमान वेतन हवे, गेलेली जमीन परत हवी, या मागण्या पुढे मोर्चात घोषणा होऊन आल्या खऱ्या. परंतु त्या जन्मल्या पाड्यांवरच्या बोलण्यांतून. मालकाविरुद्ध साक्ष द्यायची म्हणजे उद्याची भाकर पणाला लावायची. असे धैर्य भाषण ऐकून येत नाही. आपल्या भीतीची लाज न वाटता ती कोणापुढे तरी बोलून दाखवता आली, आणि ऐकणारा उद्याही येथेच असणार आहे अशी खात्री पटली, म्हणजे ते येते.

स्त्रियांच्या बाबतीत तर हे अधिकच स्पष्ट दिसले. मजुरीच्या प्रश्नावर संघटना बांधली जात असताना दारूचा आणि मारहाणीचा प्रश्न कार्यक्रमपत्रिकेवर अग्रभागी नव्हता. 1973 च्या सुमारास येथील श्रमिक स्त्रिया एकत्र बसून एकमेकींशी बोलू लागल्या तेव्हा तो बाहेर आला, आणि मग गावोगावी दारूची मडकी फुटली. ज्या दुःखाला सभेत वाट नव्हती त्याला आपसातल्या बोलण्यात वाट मिळाली आणि तेच दुःख चळवळ होऊन पुन्हा सभेत आले.

अंबरसिंग 1974 साली गेले. पुढे याच संघटनेतून घडलेले कार्यकर्ते आणि कवी वाहरू सोनवणे यांनी ‘स्टेज’ नावाची कविता लिहिली. व्यासपीठावर चढलेली माणसे आणि खाली बसलेली माणसे यांच्यातील अंतराची ती कविता आहे, आणि तिचा रोख परक्यांपेक्षा आपल्या म्हणवणाऱ्यांकडे अधिक आहे. पुरोगामी चळवळीतील प्रत्येक नेत्याने ती स्वतःला उद्देशून लिहिली आहे असे समजून वाचावी.

याच मुलखात त्याहूनही जुना एक धडा आहे. 1938 साली तळोदे तालुक्यात गुला महाराजांच्या प्रेरणेने जी ‘आप’ चळवळ पसरली, तिने आदिवासींना एकमेकांना ‘आप’ म्हणायला शिकवले. ज्यांना पिढ्यान् पिढ्या ‘अरे’, ‘तुरे’ याखेरीज दुसरे संबोधन ऐकायला मिळाले नव्हते, त्यांनी एकमेकांना सन्मानाने हाक मारायला सुरुवात केली. दोन माणसांच्या बोलण्यातील पहिला शब्दच त्या दोघांचे नाते ठरवतो, हे त्या चळवळीने ओळखले होते. वयाने मोठ्या आदिवासी कार्यकर्त्याला एकेरी हाक मारून त्याच्याशी समतेवर बोलणारे चिटणीस अजूनही आढळतात, म्हणून हा उल्लेख.

समाजवादी परंपरेला ही रीत अपरिचित नाही. साने गुरुजी 1924 साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि पुढे तेथील छात्रालयाचे काम त्यांच्याकडे आले. मुलांचे कपडे धुणे, आजाऱ्याजवळ रात्र काढणे, छात्रालयाचे हस्तलिखित दैनिक एकहाती लिहिणे, असे त्यांचे काम चाले. त्या मुलांना प्रत्येकाला आपण गुरुजींना ठाऊक आहोत असे वाटे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर प्रवचने देत असताना ती टिपून घेणारे गुरुजीच होते. ज्याच्या शब्दांनी पुढे तरुणांचे थवेच्या थवे राष्ट्र सेवा दलात ओढले गेले, त्याची ऐकण्याची आणि टिपण्याची शक्ती अशी होती, हे विसरता कामा नये.

सातासमुद्रापलीकडेही श्रमिकांच्या संघटकांना हाच मार्ग सापडला. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात फ्रेड रॉस या संघटकाने 1952 साली सीझर चावेझ या मेक्सिकन वंशाच्या तरुणाला गाठले आणि घरोघरी बसून लोकांशी बोलण्याची रीत शिकवली. चावेझनी 1962 साली शेतमजुरांची संघटना स्थापन केली ती त्याच रीतीने, एकेका मजुराच्या घरी बैठका घेत. मळ्यावरचा हंगामी मजूर आज येथे, उद्या तेथे. त्याला कारखान्याच्या दाराशी गोळा करता येत नाही. नंदुरबारच्या ऊसतोड मजुराची स्थितीही याहून वेगळी नाही.

आता येथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. समाजवादी पक्ष सामुदायिक निर्णयावर विश्वास ठेवतो. नेत्याने एकेका कार्यकर्त्याला बाजूला घेऊन बोलायचे म्हटले तर त्यातून कानगोष्टी, गटबाजी आणि मर्जीचे राजकारण निर्माण होणार नाही काय? सहकारातील आणि सत्तेतील पुढारीही सकाळी बंगल्यावर माणसांना एकेक करून भेटतातच. कोणाला नोकरी, कोणाला कर्ज, कोणाच्या बदलीला चिठ्ठी. त्या भेटींतून लोकशाही वाढली असे कोणी म्हणणार नाही.

आक्षेप खरा आहे, म्हणून दरबार आणि बैठक यांतील भेद नीट समजून घेतला पाहिजे. दरबारात गरजू माणूस दाराशी येतो आणि ताटकळतो. बैठकीत नेता उठून कार्यकर्त्याकडे जातो. दरबारात मागणे असते आणि देणे असते, त्यामुळे माणूस उपकृत होऊन परततो. बैठकीतून उठताना त्याच्या अंगी स्वतःचे मत उभ्याने मांडण्याची ताकद आलेली असावी लागते. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, दरबारात निर्णय होतो. दोघांच्या बैठकीत पक्षाचा कोणताही निर्णय होता कामा नये. कोणाला तिकीट द्यायचे, कोणाला पदावरून काढायचे, कोणत्या पक्षाशी समझोता करायचा, हे प्रश्न समितीचे आहेत आणि ते समितीतच राहिले पाहिजेत. कार्यकर्त्याची व्यथा, त्याची शंका, त्याच्या कामातील अडचण आणि त्याचे शिक्षण, एवढाच या बैठकीचा विषय. ही रेघ ज्याला पाळता येत नाही त्याने असल्या बैठका न घेतलेल्याच बऱ्या.

ही रेघ मान्य केल्यावर बैठक कशी घ्यावी, हा प्रश्न उरतो.

पहिली गोष्ट वेळेची. ‘केव्हाही या, दार उघडे आहे’ असे सांगणारा नेता बहुधा कोणालाच भेटत नाही, कारण संकोची माणूस उघड्या दारातूनही आत येत नाही आणि धीट माणूस रोज येऊन बसतो. महिन्यातील एक दिवस प्रत्येकाच्या नावे ठरलेला असावा आणि मंत्री आला तरी तो मोडू नये. कार्यकर्त्याचा ठरलेला तास जो नेता वारंवार पुढे ढकलतो, त्याने आपल्या लेखी त्या माणसाची किंमत किती हे न बोलता सांगितलेले असते.

दुसरी गोष्ट जागेची. पक्षकार्यालयात टेबलापलीकडे बसून, चहा आणणारी मुले आणि फोन यांच्या गलबल्यात मन मोकळे होत नाही. कार्यकर्त्याच्या गावी जावे, त्याच्या अंगणातल्या खाटेवर बसावे, किंवा त्याच्याबरोबर शेताच्या बांधावरून चालावे. घर पाहिले म्हणजे न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरे मिळतात. मोबाइल फोन बंद करून खिशात ठेवावा. ही साधी गोष्ट आज सर्वांत दुर्मिळ झाली आहे.

तिसरी गोष्ट बोलण्याच्या क्रमाची. आधी कार्यकर्त्याने बोलावे. नेत्याची सवय अशी की खाली बसल्याबरोबर तो राजकीय परिस्थितीचे विश्लेषण सुरू करतो, आणि समोरचा माणूस दोन तास मान डोलवून उठतो. ‘काम कसे चालले आहे?’ या प्रश्नाला ‘ठीक आहे’ याखेरीज उत्तर येत नाही. ‘गेल्या महिन्यात कोणत्या घरी जायचे टाळले?’, ‘मागच्या सभेत कोणता मुद्दा पटला नाही?’, ‘कोणते काम अंगावर लादल्यासारखे वाटते?’ असे विचारावे आणि मग गप्प बसावे. पावरी किंवा भिलोरी बोलणारा माणूस प्रमाण मराठीत उत्तर जुळवतो तेव्हा त्याला वेळ लागतो. त्याचे वाक्य नेत्याने पुरे करून टाकले तर त्याचा विचारही नेत्याच्याच मापाचा होतो. ज्याला त्याची बोली येत नाही, त्याने निदान त्याच्या गतीने ऐकण्याचा धीर धरावा.

चौथी गोष्ट पैशाची. पूर्णवेळ कार्यकर्त्याचे घर कशावर चालते, हा विषय पुरोगामी पक्षांत असभ्य मानला जातो. त्याग या एका शब्दाखाली तो झाकून टाकला जातो. समजा, एखादा तरुण कार्यकर्ता तीन बैठकांना आला नाही. कारण असे असू शकते की वडिलांच्या दुखण्यात त्याने मुकादमाकडून उचल घेतली, आता हंगामाला त्याला बायकोसह तोडीवर जावे लागणार, आणि ऊसतोड मजुरांच्या हक्कांवर काल भाषण करणाऱ्याने आज स्वतःच कोयता म्हणून जायचे, या लाजेने तो तोंड चुकवीत आहे. हे तो पंधरा जणांच्या बैठकीत कधीच सांगणार नाही. त्याच्या अंगणात बसलेल्या नेत्याला कदाचित सांगेल. तेव्हा कोरडी सहानुभूती उपयोगी नाही आणि उपदेश तर नाहीच नाही. त्याची लाज अनाठायी आहे हे त्याला पटवावे, त्याच्या उपचाराच्या खर्चासाठी कोणती सरकारी योजना लागू होते ते पाहावे, आणि तोडीवर जाणे अटळच असेल तर तेथील मजुरांची यादी करण्याचे काम त्याच्यावर सोपवावे. मग जाणारा माणूस पक्षातून गळत नाही, पक्षाला घेऊन जातो.

पाचवी गोष्ट टीकेची. चूक दाखवायची ती एकांतात, दाद द्यायची ती चारचौघांत, हा व्यवहारातील जुना नियम आहे. पुष्कळ नेते नेमके उलट करतात. पण एकांतातील टीकाही नेमकी हवी. ‘तुमच्यात शिस्त नाही’ या वाक्याने माणूस दुखावतो आणि सुधारत नाही. ‘बुधवारी पाड्यावर जायचे कबूल केले होते, लोक वाट पाहून परतले’ हे त्याला नाकारता येत नाही. आणि नेत्याने टीका करण्याआधी स्वतःवरची टीका मागून घ्यावी. ती आली तर खुलासा करण्याची घाई करू नये. खुलासा ऐकून घेणारा कार्यकर्ता पुढच्या वेळी टीका करीत नाही.

सहावी गोष्ट गुप्ततेची. अंगणात ऐकलेले दुःख दुसऱ्या दिवशी चावडीवर पोचले तर ती बैठक शेवटची ठरते. एका कार्यकर्त्याजवळ दुसऱ्याविषयी बोलायचे नाही, आणि दुसऱ्याविषयी कोणी सांगू लागला तर ‘हे त्यांच्यासमोर बोलू’ असे म्हणून थांबवायचे. गटबाजीचे मूळ पुष्कळदा नेत्याच्या कानात असते.

सातवी गोष्ट वहीची. बोलणे संपल्यावर, समोरच्याला विचारून, दोघांनी काय कबूल केले ते दोन ओळींत टिपावे. पुढच्या बैठकीची सुरुवात त्या ओळींपासून व्हावी, आणि आधी नेत्याने आपले काय केले ते सांगावे. जे जमणार नाही ते तोंडभर कबूल करण्यापेक्षा ‘हे होणार नाही’ असे स्वच्छ सांगणे अधिक प्रामाणिक ठरते. आदिवासींनी आश्वासने पुष्कळ ऐकली आहेत. सरदार सरोवरात महाराष्ट्राची 33 गावे गेली. त्यांतल्या लोकांना याच शहादा-तळोदा परिसरात वसाहती मिळाल्या, पण यादीत नाव यावे म्हणून कित्येकांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. अशा मुलखात न पाळलेला शब्द विरोधकापेक्षा अधिक नुकसान करतो.

स्त्री कार्यकर्त्यांविषयी वेगळे सांगितले पाहिजे. पुरुष नेत्याने स्त्री कार्यकर्तीबरोबर एकट्याने बसले की गाव बोलते, म्हणून बहुतेक नेते तिच्याशी बोलतच नाहीत; तिचा निरोप तिच्या नवऱ्याकडे देतात. अपवाद जेथे होतो तेथे तिच्या सुरक्षिततेचा प्रश्न असतो, आणि चळवळीची माणसे सारी सज्जनच असतात असे मानून तो दडपता येणार नाही. म्हणून जागा आणि वेळ तिने ठरवावी, जागा उघड्यावरची असावी, तिला सोबत हवी असेल तर असावी. आणि मुख्य म्हणजे पक्षात जबाबदारीच्या जागी स्त्रिया इतक्या असाव्यात की तिला बोलायला पुरुषाचीच वाट पाहावी लागू नये. 1973 च्या श्रमिक स्त्रियांनी दिलेला धडा पन्नास वर्षांनंतरही पुरता गिरवला गेलेला नाही.

डॉ. लोहियांनी फावडा, मतपेटी आणि तुरुंग ही तीन साधने कार्यकर्त्यांपुढे ठेवली. श्रमदानाला जाणारा, मत मागणारा आणि तुरुंगात जाणारा माणूस ठरावाने तयार होत नाही. कोणीतरी त्याला कधीतरी नावाने ओळखलेले असते, त्याचे ऐकलेले असते, त्याच्यावर काम सोपवलेले असते. आजच्या नेत्यांपैकी प्रत्येकाने आठवून पाहावे, आपल्याला या मार्गावर कोणी आणले? बहुतेकांना एखादे भाषण आठवणार नाही. एक माणूस आठवेल आणि त्याच्याजवळ बसून काढलेली एक संध्याकाळ.

तेव्हा या भाषणाचा शेवट ठरावाने न करता एका कामाने करावा हे बरे. प्रत्येक तालुका चिटणीसाने आपल्या वहीच्या पहिल्या पानावर पंधरा नावे लिहावीत. जी माणसे हल्ली बैठकीला येत नाहीत त्यांची नावे सर्वांत वर असावीत. पावसाळा सरला की टोळ्या गुजरातेकडे निघतील, आणि मुकादम त्याआधीच घरोघरी जाऊन आलेला असेल. त्याच्या आधी तेथे पोचावे, उचलीची वही न घेता पोचावे, आणि अंगणातल्या खाटेवर बसल्यावर पहिले वाक्य समोरच्या माणसाला बोलू द्यावे.